डम्ब डाउन म्हणजे मुकं करणं

भिवंडीजवळच्या कशेळीत एका मोठ्या गोदामात मी सुपरवायझर आहे. खारबावहून येतो. शिक्षण मराठी शाळेतलं, त्यामुळे मराठीत काहीही लिहायचं निघालं की सगळे माझ्याकडे बघतात. ‘येथे थुंकू नये’ हेही माझंच लेखन आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या हेड ऑफिसने सुरक्षिततेचं एक इंग्रजी पुस्तक पाठवलं. आग लागली तर काय करायचं, फोर्कलिफ्टपासून किती लांब उभं राहायचं, उंच रॅकवरून खोका कसा काढायचा, असं सगळं त्यात होतं. आमच्या साहेबांनी ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “मराठीत आणि हिंदीत करून टाका.” मी मन लावून केलं. ‘आपत्कालीन निर्गमन द्वार’ असं आधी लिहिलं, मग स्वतःलाच हसू आलं आणि ‘संकटात बाहेर पडायचं दार’ केलं. अशा पुष्कळ ठिकाणी अडलो, घरी बायकोला विचारलं, पुन्हा लिहिलं. काम पुरं झालं तेव्हा मला ते मूळ पुस्तकापेक्षा बरं वाटत होतं.

हेड ऑफिसला सुरक्षिततेचं खातं सांभाळणाऱ्या एक मॅडम आहेत. त्या व्हिडिओ कॉलवर आल्या. पानं चाळून हसल्या, छान आहे म्हणाल्या, आणि पुढे म्हणाल्या, “लेकिन ये बहुत ज़्यादा है. हमारे पैकर, लोडर लोग हैं ना. डम्ब इट डाउन, प्लीज.”

साहेबांनी जोरात मान हलवली. मीही हलवली. कॉल संपल्यावर साहेबांना अर्थ विचारायची सोय नव्हती, कारण ते आधीच निघून गेले होते.

डाउन मला माहीत होतं. डम्बही माहीत होतं. शाळेत बाईंनी पाठ करून घेतलेलं : ब्लाइंड म्हणजे आंधळा, डेफ म्हणजे बहिरा, डम्ब म्हणजे मुका. म्हणजे मॅडमना पुस्तक मुकं करून हवं होतं. शब्द काढायचे, नुसती चित्रं ठेवायची. विचार करत गेलो तसा त्यांच्याबद्दलचा आदर वाढत गेला. आमच्याकडे पॅकिंगला दिघाशी गावच्या बायका आहेत, उत्तर प्रदेशचे लोडर आहेत, तेलुगू बोलणारे ड्रायव्हर येतात. कुणाकुणाच्या भाषेत लिहिणार? चित्र सगळ्यांना कळतं. एवढी खोल गोष्ट मॅडमनी तीन शब्दांत सांगितली, असं मी त्या दिवशी बायकोलासुद्धा सांगितलं. फक्त ते तीन शब्द कोणते हे सांगितलं नाही.

भिवंडीत दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक पेंटर आहेत. फ्लेक्स आल्यापासून त्यांना काम कमी, पण हात अजून सुरेख. त्यांना मी एकेक प्रसंग समजावून सांगितला. त्यांनी चित्रं काढली, ती बघून मी म्हणालो, “काका, याच्या पायावर खोका पडलाय. हा हसतोय का?”

“माझी सगळी माणसं हसतात,” ते म्हणाले. “दुकानावर रडका चेहरा कोण लावतं?”

“हे दुकान नाही हो.”

“भिंत तर आहे ना.”

शेवटी खोकेवाल्याच्या भुवया त्यांनी जरा खाली ओढल्या. तो आता कपटी दिसायला लागला. वेळ नव्हता, तसंच पाठवलं.

हेड ऑफिसला चित्रं प्रचंड आवडली. मॅडमचा मेल आला, त्यात माझं कौतुक होतं. चित्रांचे मोठे पोस्टर छापून आले आणि गोदामभर लागले. मी घरी मेल दाखवला. बायको गावात मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते. तिने मेल वाचला, त्याखालचा, कॉलनंतर मॅडमनी तीच सूचना लिहून पाठवलेला जुना मेलही वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

“अहो, त्यांनी डम्ब डाउन करा म्हटलं होतं?”

“हो. मुकं करा.”

ती एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाली, “मुकं नव्हे. डम्ब म्हणजे बोलीभाषेत मठ्ठ. समोरच्याला अक्कल बेताची आहे असं आधीच धरून चालायचं, आणि त्याला झेपेल इतकं पातळ करायचं.”

“म्हणजे सोपं करायचं.”

“सोपं वेगळं. तुम्ही निर्गमन द्वाराचं बाहेर पडायचं दार केलंत, ते सोपं. हे म्हणजे पेजेतली शितं काढून घ्यायची आणि आजाऱ्याला नुसतं पाणी द्यायचं. वर म्हणायचं, त्याला तेवढंच पचतं.”

मला हसू आलं नाही. शब्दाचा अर्थ चुकला याचं काही वाटलं नाही, पण तो शब्द कुणाला उद्देशून होता ते आता कळलं होतं. दुसऱ्या दिवशी पॅकिंगच्या टेबलापाशी उभा राहिलो तेव्हा त्या बायकांकडे सरळ बघवेना. जणू मीच त्यांच्या पाठीमागे काही बोललो होतो.

त्यांच्यातल्या दिघाशीच्या मावशी सगळ्यांत जुन्या. त्यांनीच मला थांबवलं आणि पोस्टरकडे बोट केलं.

“दादा, हा मानूस पलतो हाय का नाचतो हाय?”

“पळतोय मावशी. आग लागली की असं पळायचं.”

“मग हसतो कशाला? त्याचं घर न्हाय वाटतं जलत.”

सगळं टेबल हसलं. त्यात मीही.

मग मॅडम स्वतः आल्या. आगीचा सराव घ्यायचा होता. त्या साहेबांबरोबर बाहेर गेटपाशी उभ्या राहिल्या, भोंगा वाजला आणि लोक उठले. पोस्टरवरचा पळणारा माणूस बाणाच्या दिशेने उजवीकडे जात होता. अर्धे पोस्टर एका भिंतीवर होते, अर्धे समोरच्या, आणि तिथलं उजवं नेमकं उलट्या दिशेला. त्यामुळे एका बाजूची माणसं गेटकडे गेली आणि दुसऱ्या बाजूची सगळी शिस्तीत, रांगेने, कँटीनमध्ये जाऊन बसली. मी बोलवायला गेलो तेव्हा कुणीतरी चहाही मागितला होता.

मॅडम आत आल्या. चिडल्या नाहीत. त्यांनी पोस्टर बराच वेळ निरखला आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, “देखा? अभी भी इनके लिए कॉम्प्लिकेटेड है. और डम्ब डाउन करना पड़ेगा.”

आता मला अर्थ माहीत होता. त्यामुळे मान हलली नाही.

“मॅडम, पाँच मिनट दीजिए,” मी म्हणालो. “मुँह से बता देता हूँ.”

त्यांनी घड्याळ बघितलं आणि बरं म्हणाल्या. सगळे कँटीनमध्ये बसलेच होते. मी थोडं मराठीत, थोडं हिंदीत सांगायला लागलो : भोंगा वाजला की काय, कुठलं दार, कुठे जमायचं. एका लोडरने विचारलं, “गेट की तरफ़ ही आग लगी तो?” मावशी म्हणाल्या, “बाय बाथरूमला गेली असंल, तिला भोंगा ऐकू येल?” दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्या जाड पुस्तकात होती, आणि मी ती भाषांतर केलेली असल्यामुळे मला पाठ होती. तिसरा प्रश्न फोर्कलिफ्टच्या बॅटरी चार्जिंगचा आला. त्याचं उत्तर मला येईना. साहेबांनाही येईना. मॅडमनी फोनवर कुणाला तरी विचारलं. पाच मिनिटांचा चांगला अर्धा तास झाला, आणि शेवटी शेवटी मॅडम स्वतःच टेबलावर डबे मांडून दारं कुठे आहेत ते दाखवत होत्या. मला त्या प्रथमच आवडल्या.

महिन्याभराने पुन्हा सराव झाला. सगळे धड बाहेर आले. मावशींनी तर बाथरूमचं दार वाजवून एकीला हाताला धरून आणलं.

हेड ऑफिसने अहवाल काढला : चित्रमय पद्धतीला उत्तम यश. पोस्टर आता कंपनीच्या दुसऱ्या गोदामांतही लागलेत. मला एक प्रमाणपत्र मिळालं. ते इंग्रजीत आहे आणि त्यात ‘डम्ब’ शब्द कुठेच नाही, मी बायकोकडून तपासून घेतलं.

नवीन माणसं आली की मी त्यांना कँटीनमध्ये बसवतो आणि सगळं तोंडाने सांगतो. मला न आलेले प्रश्न मॅडमना पाठवतो, त्या उत्तरं देतात. हा वेळ प्रशिक्षणात धरता येत नाही, कारण प्रशिक्षण पोस्टरने होतं. साहेब तो चहाच्या सुट्टीत दाखवतात.