मुख्य स्विच कोणता, हे अक्कांनी शिकवलं

निपाणीहून बंगळूरला आले तेव्हा माझी नोकरी होसकोट्याच्या एका कारखान्यात, नेटवर्क सांभाळणाऱ्या विभागात लागली. प्रशिक्षण इंग्रजीत झालं. 'रूट', 'डेझिग्नेटेड', 'ब्लॉकिंग' असे शब्द पाठ झाले, पण कशाचा कशाशी संबंध, ते डोक्यात शिरेना. मीटिंगमध्ये मी नुसती मान डोलवायची.

ते अक्कांच्या लक्षात आलं. त्या आमच्या विभागातल्या सगळ्यांत जुन्या. बसवनगुडीचं त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे त्यांची मराठी कन्नडमध्ये भिजलेली. एकदा जेवण झाल्यावर म्हणाल्या, "चल ग, स्वल्प फिरून येऊ."

आम्ही सर्व्हर रूमपासून निघालो. स्विच म्हणजे संगणकांच्या केबल जिथे एकत्र येतात ती पेटी. तिथला मोठा स्विच, पॅकिंगचा स्विच आणि गोदामाचा स्विच, तिन्ही एकमेकांना केबलने जोडलेले. अक्का प्रत्येक केबलवर हात ठेवत चालल्या होत्या.

"एक केबल तुटली तर दुसरी असावी म्हणून हा त्रिकोण. पण तिन्ही वाटा उघड्या ठेवल्या तर एकच निरोप गोल गोल फिरत बसेल आणि सगळं तुंबेल. म्हणून हे स्विच आपसांत एक मुख्य ठरवतात. तो रूट. बाकीच्यांनी त्याच्याकडे जायची सगळ्यांत जवळची वाट धरायची. त्या वाटेवरचं आपलं दार म्हणजे रूट पोर्ट."

"आणि डेझिग्नेटेड?"

"प्रत्येक केबलवर निरोप पुढे न्यायची जबाबदारी एकाच टोकाची. ते डेझिग्नेटेड. मुख्य स्विचची सगळी दारं तशीच."

गोदामातल्या एका पोर्टचा दिवा नारिंगी होता. मी विचारलं, "हा बिघडलाय का?"

"नाही ग. या केबलचं पलीकडचं टोक डेझिग्नेटेड, म्हणून हे मुद्दाम बंद, ब्लॉकिंग. पण ऐकत असतं. दुसरी वाट गेली की हेच उघडणार. सरी? कळलं ना?"

मला खरंच कळलं होतं. इतकं हलकं वाटलं की परतताना मी उगीचच हसत होते.

पुढे काही महिन्यांनी पॅकिंगचा स्विच जळाला. दुरुस्ती होईपर्यंत म्हणून तिथे अडगळीतला एक जुना स्विच लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामाच्या मॅनेजरांचा फोन आला, "स्क्रीन पुढे सरकतच नाही. माल भरून लॉऱ्या उभ्या आहेत!"

विभागात सगळे सर्व्हर तपासायला धावले. अक्का मला म्हणाल्या, "तू काय बघशील?"

मी मोठ्या स्विचवर लॉगिन केलं. तो स्वतःला रूट म्हणवत नव्हता! त्याचं रूट पोर्ट पॅकिंगच्या दिशेला होतं. गोदामाचा स्विच पाहिला, तर मोठ्या स्विचकडे जाणारी वेगवान केबल त्याने बंद ठेवलेली. सर्व्हरकडे जाणारं गोदामाचं सगळं काम त्या म्हाताऱ्या, संथ स्विचमधून वळसा घालून चाललं होतं.

"अक्का, जुना स्विच मुख्य झालाय."

"का झाला?"

मी तिन्ही स्विचची माहिती शेजारी शेजारी लावून पाहिली. मग सुचलं. "कुणालाच प्राधान्य नेमून दिलेलं नाही. सगळे सारखे असले की बनवतानाच स्विचला दिलेला पत्त्याचा आकडा ज्याचा सगळ्यांत लहान तो जिंकतो. जुन्या स्विचचा लहान आहे."

"मग?"

"मोठ्या स्विचला प्राधान्याचा लहान आकडा देते. इथेही लहान आकड्याचाच मान पहिला."

"दे," एवढंच म्हणून त्या बाजूला उभ्या राहिल्या. मी आकडा दिला. क्षणभर सगळं गप्प झालं, मग पोर्टांनी आपापल्या भूमिका बदलल्या. गोदामातून फोन आला, "चालू झालं!"

साहेबांनी कुणी केलं विचारलं, तेव्हा अक्कांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि कॉफी आणायला निघून गेल्या.

आता मी इंदिरानगरच्या एका कंपनीत आहे, अक्का निवृत्त झाल्यात. परवा त्यांच्या घरी गेले होते. न राहवून विचारलं, "त्या दिवशी जेवणानंतरची विश्रांती सोडून माझ्यासाठी का फिरलात?"

त्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "मी शिकले तेव्हा विचारायला कुणीच नव्हतं ग. फार एकटं वाटायचं."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि सुपातल्या मूठभर शेंगा माझ्याकडे ओढल्या.