जिवंत माणसाच्या फोटोला हार

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा डोळ्यांपुढं आधी त्यांचा चेहरा आला नाही, त्यांच्या घरची भिंत आली. हार घातलेला त्यांचा फोटो तिथं तीन वर्षं आधीपासूनच होता... आणि तो माझ्यासाठी लागला होता.

मिरजगावला हायवेलगत मामांचं वेल्डिंगचं दुकान, मागं दोन खोल्यांचं घर. मी सिनेमा करायचं काढलं, बाप गेल्यावर एकमेकांना वाढवणाऱ्या दोन भावांचा. भाऊ झाले मामांचीच मुलं, अमोल आणि धीरज. घर मामांचं. मेलेल्या बापाचा फोटो हवा, म्हणून तोही मामांचाच. मामी उखडली. "जित्या मानसाला हार? डोकं फिरलंय का तुमचं?" मामा मात्र हसत स्टुलावर चढले आणि खिळा त्यांनीच ठोकला. "आपल्यालाबी पिच्चरात काम मिळालं की!"

शूटिंग फक्त रविवारी, तेही सुट्टी जमेल तसं. मुलांना मिसरूड फुटलं तरी चाललंच होतं. दर वेळी सगळं जसंच्या तसं दिसावं म्हणून फोटो हलवायचा नाही, असा मामांचा हुकूम. एकदा जामखेडहून त्यांची चुलत बहीण आली आणि भिंत पाहून तिनं हंबरडाच फोडला. तेवढ्यात मामा टॉवेल गुंडाळून मोरीतून बाहेर! ती जी किंचाळली, आम्ही पोट धरून हसलो. मामी तेवढी हसली नाही.

दुकानात जाताना मामा फोटोला सांगायचे, "येतो रे. घर सांभाळ." आतून मामी ओरडायची, "चष्मा घेतला का?" वेल्डिंगचा काळा चष्मा ते रोज फोटोखालच्या फळीवर विसरायचे. गेल्या वर्षी शुगरनं ते वाळत गेले, फोटोतला माणूस मात्र तसाच भरलेला. एकदा त्याच्याकडं बराच वेळ बघत म्हणाले, "मेलेला ह्यो हाय, अन् तरतरीतबी ह्योच." मला ते हसण्यावारी नेता आलं नाही. मी फोटो उतरवायला गेलो, तर त्यांनी हात धरला. "पोरांचा पिच्चर पुरा हुऊ दे."

एकच शॉट राहिला होता. थोरला भाऊ फोटो उतरवून पुसतो, परत लावतो आणि कामाला निघतो. तो घ्यायच्या आत मामा दुकानात बसल्या जागी गेले.

मी शॉटचं नाव काढलं नाही. तेराव्यानंतर मामीनंच बोलावून घेतलं. फोटो जागेवर होता, हार नव्हता.

"जित्तेपनी लई घातला," ती म्हणाली. "आता न्हाई घालायचा. तसाच घे."

आधी सगळीकडं हार आणि शेवटी एकदम नाही, हे पडद्यावर चुकल्यासारखं दिसणार, मला कळत होतं. मी कॅमेरा लावला.

अमोलनं काच पुसली, फोटो खिळ्याला अडकवला. दुकान आता खरंच तो बघतो. चप्पल सरकवताना तो एकदम बापाच्या आवाजात बोलून गेला... मी असं काही लिहिलंच नव्हतं. "येतो रे. घर सांभाळ."

आतून लगेच मामी ओरडली, "चष्मा घेतला का?"

मग आतलं भांडं वाजायचं थांबलं. धीरजनं माझा दंड घट्ट धरला. अमोल दारातून मागं फिरला, फळीवरचा चष्मा उचलला आणि गेला. मला भीती वाटली, आणि मामा गेल्यापासून पहिल्यांदाच रडू आलं. कट म्हणायचं राहूनच गेलं. कॅमेरा चालू होता, आणि समोर भिंतीवर मामा एकटेच, हाराशिवाय, घर सांभाळत होते.