वायरचं दुसरं तोंड

तुमच्या घरातल्या माणसांचा आवाज तुम्ही कुठे ठेवलाय? फोटो नका काढून दाखवू. फोटो सगळ्यांकडे असतात, भिंतीवर, पाकिटात, फोनमध्ये. विचारलंय ते आवाजाचं. आई चिडली की तिचा आवाज कुठून सुरू व्हायचा आणि कुठे जाऊन फुटायचा, हे उद्या कुणी विचारलं तर काय पुढे कराल? नाही ना काही सुचत? मग भोंग्याला हसण्याआधी त्याची गोष्ट ऐकून घ्या.

भोंगा म्हणजे आमच्या भागातला माईकवाला. आईबापांनी ठेवलेलं नाव कागदोपत्री कुठेतरी असेल, पण त्या नावाने हाक मारली तर तो स्वतःच मागे वळून बघायचा नाही. चांभाराच्या आणि इस्त्रीवाल्याच्या मध्ये त्याचं दुकान. दुकान कसलं, भिंतीतली फट. आत शिरायचं तर आधी पोट आत घ्यावं लागतं. वर कर्णे टांगलेले, खाली अँप्लिफायर रचलेले, आणि खिळ्याखिळ्याला वायरींची वेटोळी. प्रत्येक वेटोळं एकाच दिशेने गुंडाळलेलं. कुणी उलट्या अंगाने गुंडाळलं की भोंग्याचं डोकं फिरलंच म्हणून समजा. लग्न केलं नाही. त्याची बहीण म्हणायची, "याने माईकच्या स्टँडशी संसार थाटलाय. बायको उभीच्या उभी, आणि बोलतो मात्र दुसराच!"

ही बहीण म्हणजे अक्का. थोरली. हॉस्पिटलच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल धुणारा कारखाना आहे ना, तिथे ती इस्त्रीखात्यात होती. वाफेत उभं राहून तिने अर्धा जन्म काढला आणि उरलेला अर्धा त्या वाफेतल्या बायकांना एकत्र करण्यात. अक्का बोलायला उभी राहिली की पुढच्या रांगेतली पोरं रडायची थांबायची आणि मागच्या रांगेतले पुरुष विड्या विझवायचे. तिच्या सभेला माईक भोंग्याचाच. भाडं नाही, वर तिचे टोमणे.

"हे लाकूड कशाला उभं करतोस माझ्यापुढे? माझा आवाज पोचत नाही का?"

"पोचतो गं, पण नुसता पोचून काय उपयोग? तो गोल झाला पाहिजे. तुझा कडेने फाटतो."

"फाटू दे. मालकाच्या कानात गोल गेला काय नि फाटका गेला काय!"

एकदा काय झालं, मालकाने कारखान्याला टाळं ठोकलं आणि फाटकासमोर सभा लागली. अक्का साबणाच्या खोक्यावर चढली. तिने चार वाक्यं टाकली असतील नसतील, तोच मालकाने आतून वीज तोडली. भोंग्याने समोर उभ्या ट्रकवाल्याच्या हातापाया पडून बॅटरी काढून घेतली आणि अँप्लिफायर त्यावर जोडला. दिवा लागला, पण कर्णा मुका. बायका चुळबुळायला लागल्या, पहारेकरी दात काढायला लागले. भोंग्याने उजव्या हाताचा तळवा किंचित वाकडा केला आणि अँप्लिफायरच्या डाव्या अंगावर एक थाप दिली. खण्णकन आवाज उघडला आणि अक्काचं अर्धं राहिलेलं वाक्य गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. टाळ्या अक्काला पडल्या, पण त्यातल्या निम्म्या आपल्या आहेत हे भोंग्याने मनात लिहून ठेवलं. ती थाप पुढे गाजली. लोक बंद पडलेला रेडिओ, पंखा, टीव्ही घेऊन दुकानात यायचे. "दुरुस्त नको करू, नुसता हात लाव." आणि खरंच, दहातल्या सात वेळा वस्तू चालू व्हायची. माणूस अशानेच बिघडतो.

अक्काची प्रत्येक सभा तो कॅसेटवर उतरवून घ्यायचा. कॅसेटना बुरशी धरायला लागली तेव्हा त्याने हिवाळाभर बसून त्या एकेक करून कॉम्प्युटरमध्ये घेतल्या आणि तिथून हार्ड डिस्कच्या काळ्या डब्यात भरल्या. डबा तळहाताएवढा. त्यात अक्काची सगळी भाषणं, घोषणा, मध्येच आलेला खोकला आणि "अरे भोंग्या, शिट्टी वाजतेय तुझ्या यंत्राची" हे सुद्धा. मग कॅसेटी भंगारात.

अक्काची मुलगी म्हणजे भोंग्याची भाची. विम्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळते. तिने तेव्हाच टोकलं होतं. "मामा, आणखी एका डब्यात भरून ठेव. एकाच ठिकाणी नको ठेवूस."

"खऱ्या गोष्टीला दोन प्रती लागत नाहीत," भोंगा म्हणाला. वाक्य त्याला इतकं आवडलं की नंतर कित्येक दिवस तो ते गिऱ्हाइकांना ऐकवत होता.

मग अक्काच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव राखला, आवाज राखता आला नाही. गळ्याशी भोक, त्यावर सुती रुमाल, आणि मांडीवर पोरांची पाटी. शुद्धीवर आल्यावर तिने पाटीवर पहिलं काय लिहिलं असेल? "आता तुझा धंदा बसला." भोंगा हसला, बाहेर गेला, आणि जिन्यात बराच वेळ भिंतीला डोकं टेकून उभा राहिला.

स्वतःचं भाषण ऐकायची अक्काला कधी हौस नव्हती. भोंगा लावायला गेला की, "बंद कर, भांडखोर वाटते मी," म्हणायची. पण एका सकाळी तो तिच्याकडे गेला तर ती पाटी घेऊन वाटच बघत बसलेली. पाटीवर लिहिलेलं होतं: "स्वप्नात बोलते मी. पण आवाज दुसऱ्याच बाईचा येतो. माझा ऐकव."

"एवढंच ना? संध्याकाळी घेऊन येतो," भोंगा म्हणाला. "डबा भरून आहेस तू माझ्याकडे."

जुना कॉम्प्युटर मागेच जळून गेला होता आणि भाचीने मामाला नवा लॅपटॉप घेऊन दिला होता. पाटीसारखा पातळ. भोंग्याला तो पटलाच नव्हता. बोट फिरवायच्या चौकोनाकडे बघून तो म्हणाला होता, "कुरवाळायला हे काय मांजर आहे?" आणि त्याने आधी माउस जोडून घेतला होता. लॅपटॉपला भोकं दोनच. एक माउसने खाल्लं. राहिलेल्या भोकात त्याने त्या दुपारी डब्याची वायर घातली.

त्या वायरला तोंडं दोन होती. एक जाडसर, एक बारीक वायरीच्या टोकाला लोंबणारं. जुना कॉम्प्युटर भाचीने लावून दिला होता आणि त्याची पाठ भिंतीकडे असायची. तिथे काय काय जोडलंय हे भोंग्याने कधी वाकून बघितलं नव्हतं. जाड तोंड बसलं, बारीक लोंबत राहिलं. जास्तीचं असेल, तो म्हणाला. कंपन्या देतात काहीबाही.

डब्यावरचा दिवा मिणमिणला. आतून टिक असा आवाज आला. थांबून पुन्हा टिक. पडद्यावर काहीच नाही. भोंग्याने वायर काढून पुन्हा घातली. स्पिरिटने तोंड पुसलं, फुंकर मारली, लॅपटॉप बंद करून चालू केला, डबा आडवा ठेवला, उभा ठेवला, पालथा घातला. टिक. टिक. शेजारचा इस्त्रीवाला डोकावून गेला. "काय रे भोंग्या, घड्याळं विकायला काढलीस काय?"

"तू तुझे कोळसे फुंक!"

शेवटी भाचीला फोन लावला. ऑफिसात होती, दबक्या आवाजात बोलत होती. "मामा, फोन डब्याजवळ धर जरा. हं... ऐकलं. घाबरू नकोस, डबा चांगला आहे. पावर कमी पडली की असा आवाज येतो. त्या वायरचं दुसरं..."

"पावर?" भोंग्याचा पारा चढला. दुपारपासूनची टिकटिक कानात, इस्त्रीवाल्याचा टोमणा डोक्यात. "तू मला पावर शिकवणार? तुझा जन्म नव्हता तेव्हा ट्रकच्या बॅटरीवर सभा वाजवलीय मी!"

"अरे मामा, ऐकून तरी घे..."

"ऐकण्याचाच धंदा आहे माझा!" म्हणून त्याने फोन ठेवला.

दुकानात परत तीच टिकटिक. एखादं माणूस बंद दाराआडून बोटाने दार वाजवत असावं तशी. वस्तू अडली की आपण आधी हात उचलतो आणि तिचं म्हणणं मागाहून विचारतो. माणसांच्या बाबतीतही आपलं फार वेगळं नसतं, पण ते असो. भोंग्याने उजवा तळवा किंचित वाकडा केला आणि डब्याच्या डाव्या अंगावर थाप दिली. तीच, फाटकासमोरची.

टिकटिक थांबली. भोंगा हसला. त्याचे ओठ परत जागेवर येण्याआधीच आतून कर्र असा आवाज सुरू झाला, काचेवरून खिळा ओढल्यासारखा.

भाची ऑफिस सुटल्यावर धावतच आली. तिने काही विचारलं नाही. माउस उपटला आणि वायरचं लोंबतं तोंड त्या मोकळ्या भोकात बसवलं. दिवा एकदम ठळक झाला. "दोन्ही तोंडं लागतात याला. एक बोलायला, एक जेवायला. हेच सांगत होते मी," ती म्हणाली. पण कर्र चालूच होतं. तिने झटकन वायर काढली.

"मामा, तू काही केलंस का?"

"काही नाही."

तिने डबा उचलून त्याच्यासमोर धरला.

"एक हलकी थाप दिली."

"चालू असताना?" ती खाली बसली. "मामा, आत तबकडी फिरत असते. तिच्यावर सुई असते, टेकलेली नाही, तरंगती. मध्ये केसाएवढी पण जागा नसते रे."

पुढचं तिला बोलावं लागलं नाही. तबकडीवर सुई ओरखडली की काय होतं हे भोंग्याला कुणी सांगायला नको होतं. तो माउसकडे बघत बसला. एवढासा उंदीर. तो उपटून बाजूला ठेवला असता, किंवा त्या पोरीचं एक वाक्य पुरं होऊ दिलं असतं, तरी अक्का वाचली असती.

तरी भाचीने आशा सोडली नाही. असे डबे उघडणारा एक कारागीर तिने शोधून काढला आणि डबा त्याच्याकडे पाठवला. उत्तर येईपर्यंत भोंगा अक्काला टाळत राहिला. वायर मिळत नाही, दुकानात गर्दी आहे, उद्या नक्की. उत्तर आलं ते असं: चरा तबकडीवर सगळीकडे पडलाय, यातून काही निघायचं नाही.

भोंगा रिकामा झालेला डबा खिशात घालून अक्काकडे गेला. ती टॉवेलांच्या घड्या घालत होती. सवय जात नाही. त्याला बघून तिने कानावर हात ठेवला आणि भुवया उडवल्या. आणलंस? भोंग्याने तोंड उघडलं. काहीच आलं नाही. पुन्हा उघडलं. अक्का उठली, त्याच्या मागे गेली आणि तिने त्याच्या पाठीत एक सणसणीत थाप दिली.

"गेलं अक्का," तो म्हणाला. "माझ्या हाताने गेलं. पोरगी सांगत होती, मी ऐकलं नाही."

अक्का खाली बसली. अर्धवट राहिलेल्या टॉवेलाची घडी तिने पुरी केली, हाताने दाबून सपाट केली. मग पाटी ओढली. तिला राग आला असता, तिने पाटी फेकली असती तर बरं झालं असतं, असं भोंगा पुढे सांगायचा. तिने लिहिलं: "बरं. तू तर सगळीकडे होतास. तूच सांग. मी सभेत काय बोलायचे?"

भोंगा सांगायला लागला. तिचा आवाज खालून यायचा, वर गेला की कडेला फाटायचा. "स" म्हटलं की माईकमध्ये फुसकारा यायचा म्हणून तो माईक तिरपा धरायचा. मैदानात आवाज पसरायचा, गल्लीत घुमायचा. फाटकापाशी वाऱ्याने खर्र व्हायचं. तो भराभर सांगत होता. अक्काने पाटीवरच्या "काय"वर बोट ठेवलं, मग पाटी पुसून लिहिलं: "आवाज नाही. बोलणं. त्या दिवशी वीज तोडली, तू थाप दिलीस आणि कर्णा उघडला. तेव्हा माझं कुठलं वाक्य अर्धं राहिलं होतं?"

भोंग्याला आठवेना. खूप ताण देऊन बघितलं. कर्ण्याचा खण्णकन उघडलेला आवाज आठवला, बॅटरीचा वास आठवला, टाळ्या आठवल्या. वाक्य नाही. एकही नाही. इतकी वर्षं तो तिच्या पायाशी बसून शिट्टी येतेय का, खरखर येतेय का, हेच ऐकत होता. बहीण काय सांगतेय ते त्याच्या कानावरून गेलं होतं, कानात नाही. सगळं डब्यात उतरतंय, पुढे कधीतरी निवांत ऐकू, अशा भरवशावर.

अक्काने पाटी पुसली आणि दुसऱ्या टॉवेलाला हात घातला. त्यानंतर तिने हा विषय पाटीवर काढलेला नाही. भोंग्याने दुकान बंद केलेलं नाही, पण बिघडलेली वस्तू घेऊन कुणी आलं तर तो आता हात मागे बांधून उभा राहतो आणि विचारतो, "काय झालं ते सगळं सांग, पहिल्यापासून." लोक वैतागतात.

तेव्हा आता तुमच्याकडे एक मागणं आहे. धुलाई कारखान्याच्या फाटकासमोर, बाजारामागच्या मैदानात, भाडेकरूंच्या सभांना तुम्ही पुढे बसला होता. तुमच्या हातात वायर नव्हती, तुम्ही ऐकत होता. तुमच्या एखाद्या जुन्या फोनमध्ये, एखाद्या कॅसेटीत अक्काचा आवाज अडकलेला असेल तर त्याची प्रत आणून द्या. मूळ घरीच ठेवा आणि प्रत भाचीच्याच हातात द्या. भोंग्याच्या नको, हे त्यानेच लिहायला सांगितलंय. आणि रेकॉर्डिंग नसलं तरी या. तिचं एखादं वाक्य, अर्धं का होईना, आठवत असेल तर तिच्यासमोर बसून तिला सांगा. मोठ्याने सांगा. तिला सगळं ऐकू येतं.