पाळी जायच्या वयातल्या तिघी

काही गोष्टी आपण मुद्दाम साठवत नाही. शिवताना मांडीवर दोऱ्याचे तुकडे पडतात, उठताना पदर झटकला तरी दोन-चार चिकटून घरी येतातच, तशा त्या येतात. हल्ली माझ्याच अंगातून वाफा निघायला लागल्यात. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की कशाला उठले ते आठवत नाही. अशा वेळी हटकून आठवतात त्या शेडमधल्या बायका.

लढाईची वर्षं होती, दुसऱ्या महायुद्धाची. नगरला कॅम्पाजवळ एका कंत्राटदाराची पत्र्याची शेड होती. लष्कराच्या खाकी शर्टांना काजं-बटणं करायचं काम तिथं बायकांना मिळे. मी नुकती लग्न होऊन आलेली, आणि माझी जागा नेमकी तीन मोठ्या बायकांच्या मध्ये. एक खातूनबी, पिंजाऱ्याची बायको. दुसरी ठकूबाई, सोनईची. मुलाला कॅम्पात काम लागलं म्हणून घरच नगरला आलेलं. तिसऱ्या यमुनाकाकू. त्यांचे यजमान कोर्टात कारकून, पण महागाईपुढे कारकुनाच्या घरातली बाईही सुई घेऊन बाहेर पडली होती. तिघींचं वय एकच, म्हणजे पाळी जायचं. नव्या सुनेसमोर असलं बोलू नये, हे त्या पहिल्याच आठवड्यात विसरल्या.

*

पौषातली थंडी. बोटं आखडायची, सुई धरवत नसे. आम्ही शाली गुंडाळून बसलेल्या आणि खातूनबीच्या चेहऱ्यावर एकाएकी लाली चढे, मानेवरून घाम ओघळे. ती कात्रीचं थंडगार पातं मानेला लावी. तेवढ्यानं भागलं नाही की दारात जाऊन उभी राही.

सुपरवायझर तरुण होता. त्याला वाटलं, ही काम टाळते. दारात एवढं काय आहे, असं त्यानं एकदा दरडावून विचारलं.

"वारा हाय," खातूनबी म्हणाली. "तुमच्या शेडात न्हाई."

त्यानं वैतागून तिची बसायची जागाच दाराशी केली. त्याला ती शिक्षा वाटली. दुसऱ्या दिवशी ठकूबाई आणि काकूंनी तक्रार केली की दाराची जागा एकटीलाच का? कडाक्याच्या थंडीत बायका दारासाठी का भांडतात, हे त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

*

पुढे खातूनबीची झोप उडाली. छाती धडधडायची, सकाळी डोळे तारवटलेले. एक दिवस सुपरवायझरनं तिनं केलेला शर्ट उचलून बटण काढायला घेतलं, तर निघेना. दुसरा घेतला, तोही नाही. बाईनं सुई दोन्ही पट्ट्यांतून आरपार घातली होती. गठ्ठाच्या गठ्ठा गळ्यापासून खालपर्यंत कायमचा शिवलेला.

खातूनबी पांढरीफटक पडली. नवऱ्याला कापसाच्या धुळीनं दम्याचा त्रास, घर तिच्या हातावर चाललेलं. कंत्राटदार यायच्या आत आम्ही तिघींनी गठ्ठा वाटून घेतला आणि मान वर न करता उसवत बसलो. सुपरवायझर दाराकडे तोंड करून उभा राहिला. त्यानं पाहिलंच नाही, असं मी आजही धरून चालते.

पण एक शर्ट आधीच बांधून गेला होता. त्याचा तिनं ध्यास घेतला. मध्येच हात थांबायचा. "कुठं तरी एक पोरगा डोक्यातनं शर्ट घालत असंल गं," म्हणायची.

लढाई संपल्याची बातमी आली तेव्हा शेडमध्ये पेढे वाटले. खातूनबीनं पेढा हातात तसाच धरला आणि म्हणाली, "चला. आता तो शर्ट काढून ठेवंल."

*

ठकूबाईची गोष्ट नगरला यायच्या आधीची. तिची पाळी जाता जाता भलतीच उलटली होती. महिनोन्‌महिने पत्ता नसे आणि मग एकदम अंगावरून पाण्यासारखं जाई.

नवरा तापानं पडलेला, म्हणून कालवड विकायला ती एकटीच घोडेगावच्या बाजारात गेली. गोणपाटावर बसली, गिऱ्हाईक आलं आणि तेवढ्यात तिला कळलं की आता उठायची सोय राहिली नाही. चहूकडे पुरुष. गिऱ्हाईक म्हणालं, कालवड जरा चालवून दाखवा.

ठकूबाई जागची हलली नाही. "घ्यायची तर हुबी हाय तशी घ्या," म्हणाली.

त्यानं भाव वाढवला. ती खाली मान घालून बसून. त्याला वाटलं, बाई मोठी चिवट. तो जाऊन परत आला, आणखी वाढवला. आजूबाजूचे लोक जमले, सोनईची बाई सौदा कसा करते ते बघायला. शेवटी ती म्हणेल त्या भावानं कालवड गेली. मग पलीकडे दोरखंडं विकणाऱ्या म्हातारीनं काही न विचारता आपलं घोंगडं तिच्या अंगावर टाकलं, तेव्हा ती उठली.

"गावात लई नाव झालं माझं," ठकूबाई सांगायची. "त्या दिशी पोटात काय पिळवटत हुतं, कुनाला ठावं?"

*

पण तिची दुसरी गोष्ट सांगताना माझा आवाज अजून बदलतो.

शेडमध्ये असतानाच तिची पाळी पुन्हा थांबली. पोट सुटलं, सकाळी मळमळायला लागलं. आणि त्याच वेळी घरात थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला आलेली. ठकूबाई पदर पुढे ओढून बसायला लागली, कोणाच्या नजरेला नजर देईना. शेवटी सगळ्यात लहान म्हणून मला सांगितलं. लेकीबरोबर आई बाळंत झाली तर व्याह्यांना तोंड कसं दाखवायचं? कोणाकडून तरी पाडायच्या औषधाची पुडी आणून तिनं पदराला बांधली होती.

मी घाबरून खातूनबीला सांगितलं. तिनं ठकूबाईला शेडच्या मागे नेऊन पदराची गाठ सोडायला लावली, पुडी गटारात टाकली आणि तिला थेट आपल्या गल्लीतल्या सुईणीकडे घेऊन गेली. मीही गेले.

सुईणीनं पोट सावकाश दाबून पाहिलं. पुष्कळ प्रश्न विचारले. मग म्हणाली, "यात पोर न्हाई. पाळी गेली तुझी. सुटलीस."

खातूनबी हसली, मी हसले. ठकूबाई बाहेर येऊन पायरीवर बसली आणि ढसाढसा रडायला लागली. आम्हाला कळेना. आता रडायचं काय?

"नको नको म्हनत हुते," ती म्हणाली. "पन नाव ठिवलं हुतं."

कोणतं, ते आम्ही विचारलं नाही.

*

यमुनाकाकू मात्र काहीच कबूल करायच्या नाहीत. अंग भरलं, हात सुजल्यासारखे जाड झाले, तरी कासाराकडे नेहमीच्याच मापाच्या बांगड्या मागितल्या. त्या चढेनात. कासार म्हणाला, माप वाढलंय. काकूंनी त्यालाच ऐकवलं, "माप नाही वाढलं. लढाईमुळे तुम्ही काच कमी घालताय."

*

पण काकूंची खरी गोष्ट त्यांनी शेड बंद व्हायच्या दिवसांत सांगितली.

काकू मोठी सून, घरात दोन धाकटे दीर, जावा, मुलं, सासूबाई. सोवळं कडक. पाळी आली की बाईनं मागच्या पडवीत वेगळं बसायचं, कशाला शिवायचं नाही. जावांना त्याचा जाच वाटे. काकूंना मात्र तेवढीच उसंत. चूल नाही, पाणी नाही, कोणाची हाक नाही.

मग त्यांची पाळी गेली. काकू म्हणाल्या, त्या महिन्यात अंगाची नुसती तगमग झाली. स्वयंपाकघरात उभं राहवेना, वाफेनं जीव गुदमरे. एक दिवस हातातलं उलथनं ठेवलं, "मी बाहेरची आहे" म्हणाल्या आणि पडवीत जाऊन बसल्या. पुढच्या महिन्यात परत. मग दर महिन्याला.

काही वर्षं अशी गेली. एका दुपारी सासूबाई स्वतः ताट घेऊन पडवीत आल्या. ताट लांबून सरकवायचं सोडून शेजारी ठेवलं आणि खालीच बसल्या.

"यमुने," म्हातारी म्हणाली, "आणखी किती वर्षं बसणार आहेस?"

काकूंनी मान खाली घालून भात कालवायला घेतला.

"मी धाकट्याचं लग्न होईपर्यंत बसले," सासूबाई म्हणाल्या. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि आत जाताना सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मोठी बाहेरची आहे गं. तिला कोणी हाक मारू नका."