अमृतभाऊंच्या पखवाजाची कणीक

पेपरात अमृतभाऊंचा फोटो आला की आमच्या सासूबाई, बेबाबाई, ते पान पालथं करून ठेवायच्या. अमृतभाऊ साक्रीतल्या आमच्याच गल्लीतले, आज मोठे पखवाजवादक. दिल्लीत मानाचा पुरस्कार मिळाला, पॅरिसला लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. गावाला कोण अभिमान! यांना मात्र तो फोटो बघवायचा नाही.

गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात, तेव्हा कुठे त्याचा आवाज घुमतो. देवळातल्या भजनाला ती आमच्या घरून जायची. त्या दिवशी आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया होती, घरोघरी खापरावर मांडे चालले होते. सासूबाईंनी घाईत मांड्यांची सैल कणीकच दिली. दहा वर्षांचा अमृत पहिल्यांदाच चारचौघांत वाजवत होता. तिसऱ्या अभंगाला गोळा घसरला तो थेट बुवांच्या धोतरावर! सगळं देऊळ खो खो हसलं, पोरगं रडत घरी पळालं. "मनामुये त्यानी लाज गई," माझ्यामुळे त्याची लाज गेली, हे सासूबाईंच्या तोंडून मी लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय.

परवा गावाने अमृतभाऊंचा सत्कार केला. सकाळपासून सासूबाईंनी तीनदा कणीक मळली, मला हात लावू दिला नाही. डबा पदराखाली धरून पहिल्या रांगेत बसल्या. हार झाले, शाली झाल्या, भाषणं काही संपेनात. मला तर वाटलं, कणीक आंबणार. शेवटी अमृतभाऊंनी पखवाज पुढे ओढला आणि पिशवीतून स्वतःचाच डबा काढला.

सासूबाईंचा चेहरा उतरला. माझं डोकं फिरलं. दंडाला धरून मी त्यांना सरळ स्टेजवर नेलं.

त्यांचा डबा उघडून अमृतभाऊ हसले. "अक्का, मांडासनी तं नही ना?"

"नही रे भाऊ. घट्ट शे, पाही ले."

त्यांनी गोळा अंगठ्याने दाबून पाहिला. मग हळूच म्हणाले, "त्या दिनपाईन कणीक मी सोताच मळस, अक्का. पॅरिसमाबी. कोनावर भरोसा नही."

सासूबाईंची मान खाली गेली.

अमृतभाऊंनी आपला डबा बंद करून पिशवीत टाकला. सासूबाईंची कणीक थापली आणि पाऊण तास वाजवलं. सासूबाई तिथेच बाजूला बसून होत्या, नजर सगळा वेळ त्या गोळ्यावर. तो जागचा हलला नाही, आणि मला बाई रडूच आलं.