फोल्डरच्या नावाआधीचा श्री

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. जव्हारच्या आमच्या कार्यालयात पोशेऱ्याहून जीपने येणारा एक कंत्राटी ऑपरेटर होता. संगणकाशी तो बैलाशी बोलावं तसं बोलायचा, "चल राजा, हल की!"

दसऱ्याला संगणकाची पूजा करताना मी हौसेने बॅकअपच्या फोल्डरच्या नावाआधी "श्री" जोडला. बॅकअपला जुन्या नावाचा फोल्डर सापडेना, तो रोज अडू लागला. साहेब ऑपरेटरला सगळ्यांदेखत म्हणाले, "उद्यापर्यंत जमलं नाही, तर येऊ नकोस." हे माझ्या "श्री"मुळे होतंय हे मला उमगलं होतं, तरी मी गप्प बसलो.

त्याने "श्री" पाहिला, माझ्याकडे बघून हसला आणि बॅकअपच्या सेटिंगमधला फोल्डरचा पत्ता बदलला. साहेबांना म्हणाला, "माझीच चूक."

बाहेर मला म्हणाला, "काका, देवाचं नाव कसं पुसू? बॅकअपलाच नवी वाट दाखवली."

"माफ कर" म्हणायला मी तोंड उघडलं, आणि म्हणालो, "चहा घेतोस?" अजून भेटला की चहाच पाजतो.