सकाळचा पहिला ब्रेक

सोमारीबद्दल लिहायचा मला फारसा अधिकार नाही. ती मूळ कुठल्या गावची, जीप चालवायला कुठे शिकली, मी कधी विचारलं नाही. आलापल्लीच्या रस्त्यावर ती सवाऱ्यांची जीप चालवायची आणि मी मागच्या बाकावर कोपऱ्यात बसायचो. ओळख एवढीच.

मोहाची फुलं गळायला लागली की आमच्याकडे उजाडायच्या आधीच बाया टोपल्या घेऊन झाडांखाली वाकलेल्या असतात. फुलं डांबरावरही पडतात. माझी बायको कमळा नेमकी तिथेच वेचायची. मातीतल्यापेक्षा ती स्वच्छ मिळतात म्हणे. तिला ऐकू कमी येतं. सोमारीची पहिली फेरीही त्याच वेळची. माझा जीव रोज टांगणीला.

त्या हंगामात जीपचे ब्रेक पॅड झिजले. सोमारीचा भाऊ धनराज वरोऱ्याला गॅरेजात कामाला. त्याने हौसेने शर्यतीच्या गाड्यांचे पॅड आणून बसवले.

"अक्का, लाल होयपर्यंत तापले तरी सोडत नाई हे!"

"माही गाडी सकाळी थंडीच राह्यते रे. पाहू."

पहाटे तिने आमच्याकडून एक टोपली मागून नेली आणि मोकळ्या रस्त्यावर उपडी ठेवली. रिकामी जीप लांबून आणली, ब्रेक दाबला. टोपलीचा चुरा झाला.

"गरम तं होऊ दे!" धनराज ओरडला. "दोन-चार ब्रेक मारले का मंग पकडते."

"अन् तेवढा वेळ मोहावाली बाई थांबन का?"

"फुकट गेले ना माहे पॅड!"

"ह्या भाऊची टोपलीबी गेली," माझ्याकडे बोट दाखवत ती म्हणाली. "तू काऊन रडतं?"

तिने साधे पॅड आणवले, रोजच्या रस्त्याचे, थंड असतानाच धरणारे. ते बसवल्यावरही सवारी घेईना. नाल्यापर्यंत रिकामी जायची, वेग धरायची, हळूहळू ब्रेक दाबायची, पुन्हा तेच. नवे पॅड असेच घासून चाकाच्या तबकडीवर बसवावे लागतात म्हणाली. चौकातले लोक चिडवायचे, "सोमारी, हवा नेऊन राह्यली का?"

"हवा उलटी नाई करत गाडीत. तुम्ही करता."

पुढच्या पहाटे दुसरी टोपली ठेवली. जीप तिच्या अलीकडेच थांबली. मग कुठे तिने लोकांना बसू दिलं.

थोड्याच दिवसांनी मी त्या पहिल्या फेरीत होतो. वळण संपलं आणि समोर रस्त्याच्या मधोमध कमळा, वाकलेली, आमच्याकडे पाठ. जीप थांबली. टायर किंचाळले नाहीत, कोणी पुढे आदळलं नाही. सोमारीने इंजिन बंद केलं.

"हॉर्न मार ना," कोणीतरी म्हणालं.

"दचकन बाई. वेचू द्या."

भरली जीप गप्प बसून राहिली. कमळाने फूल न् फूल वेचलं, कंबर धरून उभी राहिली, वळली आणि हसून म्हणाली, "अगं बाई, कवा आली?"

देवळात हात जोडतानाही माझं मन इतकं कधी वाकलं नव्हतं.

पावसाळ्यानंतर सोमारी जीप घेऊन सिरोंच्याकडे गेली, हे मला मागाहून कळलं. त्याआधी एकदा चौकात भेटली होती.

"भाऊ, तुमची टोपली वापस देवाची राह्यली."

"राहू दे. घरी आहे दुसरी."

"नाई, आणीन ना मी."

"बरं," मी म्हणालो.